अडीच गिगचा स्विच आणला, तरी कॉपी ११२वरच अडते? या चुका टाळा

तुळशीची लग्नं लागली की फोटो-व्हिडिओवाल्यांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या फोनचाही. गेल्या हंगामात अशाच एका चार एडिटरांच्या स्टुडिओतून फोन आला. "दादा, आठ पोर्टांचा नवा स्विच बसवलाय, सगळे अडीच गिगचे. फाइल कॉपी मात्र तीच, सेकंदाला एकशे बारा एमबी. दुकानदारानं टोपी घातली का?"

टोपी घातली नव्हती. स्विच म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर नेटवर्कच्या वायरीनं एकमेकांना जोडणारं यंत्र. उत्तर त्या ११२च्या आकड्यातच होतं. एक गिग म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजेच १२५ मेगाबाइट. त्यातला काही भाग डेटाच्या पाकिटांच्या बांधाबांधीत जातो आणि फाइलच्या वाट्याला ११० ते ११८ उरतात. कॉपी वरखाली न होता ११२ला खिळून असेल, तर वाटेत कुठंतरी एक गिगची जागा आहे हे खुशाल समजा. इथं ती जागा म्हणजे ज्यावर सगळा डेटा ठेवतात तो एनएएसच होता. त्याच्या पाठीमागचं पोर्ट एक गिगचं. चारही कॉम्प्युटर नवे, स्विच नवा, आणि ज्या डब्यातून माल उचलायचा त्याचं दारच अरुंद.

आधी दोन्ही टोकं बघा, स्विच नंतर

ही चूक इतकी सर्रास होते की मी आता कोटेशन देण्याआधी एनएएसच्या किंवा सर्व्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवतो. पोर्ट अडीच गिगचं आहे का आणि आत डिस्क कोणत्या आहेत, हे दोन प्रश्न आधी. एकटी हार्ड डिस्क बरी असली तर सेकंदाला दीड-दोनशे, फार तर अडीचशे मेगाबाइट देते. अडीच गिगच्या लाइनवर प्रत्यक्षात २८०च्या आसपास मिळतात. म्हणजे साध्या डिस्कला अडीच गिग पुरून उरतं. दहा गिगचा खर्च एसएसडी असेल किंवा चार-सहा डिस्क एकत्र जोडून (म्हणजे रेडमध्ये) चालत असतील तरच वसूल होतो.

एका लग्नाचा ३०० जीबी डेटा धरा. ११२च्या वेगानं पाऊण तास लागतो, २८०नं अठरा मिनिटं. रोज दोन-तीन लग्नं उतरवणाऱ्याला हा फरक जाणवतो. टॅली, एक्सेल आणि पीडीएफवर चालणाऱ्या सीएच्या ऑफिसात तो जाणवणार नाही, तिथं गिगाबिटच भरपूर आहे. इंटरनेट हळू चालतंय म्हणून कोणी स्विच बदलत असेल तर त्याला थांबवा. प्लॅन २०० एमबीपीएसचा असेल तर गिगाबिट स्विचसुद्धा त्याच्या पाचपट मोकळा आहे.

पोर्ट मोजताना मात्र हात आखडू नका. लोक मशिनं मोजतात आणि जोडणीचं पोर्ट विसरतात. या स्टुडिओत चार एडिटर आणि एक एनएएस, झाले पाच. पाच पोर्टांचा स्वस्त स्विच घेतला असता, तर राउटरकडे किंवा जुन्या स्विचकडे जाणारी वायर कुठं लावणार? शिवाय प्रिंटर, हजेरीचं मशिन, डीव्हीआर यांना अडीच गिग लागत नाही. ती सगळी जुन्या गिगाबिट स्विचवर ठेवायची आणि तिथून एक वायर नव्या स्विचला. फक्त एडिटिंगचा एखादा कॉम्प्युटर चुकून जुन्या स्विचवर राहू देऊ नका, नाहीतर त्याच्या नशिबी पुन्हा तेच ११२.

खोक्यावरचं बारीक वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत २.५जी लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत कळतं की तसं पोर्ट एकच, बाकीची गिगाबिट. याहून वाईट प्रकार सीसीटीव्हीच्या पीओई स्विचचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या स्विचचा. त्यावर गिगाबिट लिहितात, पण गिगाबिट असतात ती फक्त दोन अपलिंक पोर्टं, म्हणजे पुढच्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणारी. कॅमेऱ्यांची आठ पोर्टं १०० मेगाबिटची. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं म्हणून त्यात गैर काही नाही, पण "पोर्ट मोकळी आहेत की" म्हणून त्यातच कॉम्प्युटर लावले की बोंब. त्याच्यावर एक्स्टेंड नावाचं छोटं बटणही असतं. ते दाबलं की २५० मीटरपर्यंत लाइन जाते, पण वेग उतरतो १० मेगाबिटवर. साफसफाईत ते बटण सरकलं आणि अर्धं ऑफिस रांगायला लागलं, असं मी पाहिलंय.

दहा गिगचा जुना स्विच सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. अडीच आणि पाच गिगचं मानक, ८०२.३बीझेड, २०१६ साली आलं. त्याआधीच्या बहुतेक दहा गिगच्या मालाला मधल्या पायऱ्या ठाऊकच नाहीत. तुमचं अडीच गिगचं कार्ड त्याला लावलं की दोघांचं एकमत होतं ते एक गिगवर. एसएफपी प्लसच्या, म्हणजे वेगळं मॉड्यूल खोचायच्या दहा गिगच्या पोर्टांचंही बहुधा तेच. शिवाय त्यात तांब्याच्या वायरीचं दहा गिगचं मॉड्यूल घातलं तर ते हाताला चटका बसेल इतकं तापतं. एनएएस आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर डीएसी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवूनच येणारी आखूड वायर घ्या, स्वस्त पडते आणि थंड राहते.

केबल

अडीच गिगसाठी भिंती फोडायची गरज नाही. हे मानकच मुळी ऑफिसांत आधीपासून टाकलेल्या कॅट ५ई वायरीवर १०० मीटर चालावं म्हणून काढलं गेलं. दहा गिगला मात्र कॅट ६ फक्त ५५ मीटरपर्यंत चालते, पुढं कॅट ६ए लागते.

अडचण अशी की आपल्याकडे भिंतीत गेलेली प्रत्येक वायर तांब्याची नसते. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, सीसीए म्हणतात तिला. वायरमननं सोडलेला तुकडा घ्या आणि एका तारेवर ब्लेड घासा. तांबडा रंग उडून खाली पांढरं चकाकलं की ओळखायचं. अशी तार प्लगमध्ये दाबून बसवताना (क्रिम्प करताना) तुटते, लांबवर सिग्नल धरत नाही, आणि पीओईची वीज तिच्यातून नेली तर जास्त तापते. बंडल घेताना प्युअर कॉपर असं बिलावर लिहून घ्या. जीएसटीचं बिल नाहीतरी लागतंच.

पीओईवरून आठवलं. नव्या वायफाय ॲक्सेस पॉइंटना ३० वॉटचं पोर्ट लागू शकतं, जुन्या पद्धतीचं पोर्ट १५.४ वॉट देतं. आठ पोर्टांच्या स्विचचं एकूण बजेट ६० वॉट असेल तर आठांना ३० मिळणार नाहीत, हा हिशेब घेण्याआधीच करा. पावसाळ्यात गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या वायरीतून वीज आत शिरते आणि स्विचची पोर्टं जाळते. म्हणून कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा ठेवावा आणि अर्थिंग तपासून घ्यावं. आणि बिनपंख्याचा स्विच पीओपीच्या वर कोंबू नये. तिथं हवाच नसते.

तरीही वेग मिळत नसेल तर

सुरुवात लिंक स्पीडपासून, म्हणजे कॉम्प्युटर आणि स्विच यांच्यात ठरलेल्या वेगापासून करा. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये २.५ दिसायला हवं. १०० दिसत असेल तर जवळजवळ नेहमीच वायरीच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते, कारण १००ला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटपासून पुढे चारही लागतात. कॉम्प्युटर टेबलावरच्या आयपी फोनमधून पुढं नेला असेल तर तो फोनही तपासा, बऱ्याच फोनांचं पोर्ट १००चंच असतं. लिंक २.५ आहे पण कॉपी रडतेय, तर दोन कॉम्प्युटरांमध्ये आयपर्फ हा नुसत्या नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. तिथं सव्वादोन गिगच्या वर आकडा आला तर नेटवर्क निर्दोष, डिस्क बघा. लिंक मधूनच तुटत असेल तर ड्रायव्हर नवा टाका आणि अडॅप्टरमधलं एनर्जी एफिशियंट इथरनेट हे वीज वाचवणारं सेटिंग बंद करून बघा. जम्बो फ्रेमला, म्हणजे डेटाची पाकिटं मोठी करणाऱ्या सेटिंगला, शक्यतो हात लावू नका. एका मशिनवर चालू आणि दुसऱ्यावर बंद राहिलं की भलत्याच तक्रारी सुरू होतात.

सगळं ऑफिस एकदम बंद पडलं आणि स्विचचे सगळे दिवे एकसाथ लुकलुकायला लागले, तर कोणीतरी वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली आहेत. साध्या अनमॅनेज्ड स्विचला हा फेरा ओळखता येत नाही. ज्या ऑफिसात माणसं सारखी जागा बदलतात तिथं लूप पकडणारा स्मार्ट स्विच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी.

त्या स्टुडिओत अडीच गिगचा एनएएस आल्यावर पुन्हा गेलो. एकेकाची कॉपी करून पाहिली, तिघांची २८०ला, चौथा ४०वर. त्याच्या लॅपटॉपला यूएसबीचा अडीच गिगचा अडॅप्टर होता आणि तो खोचला होता यूएसबी २च्या काळ्या खाचेत. काढून शेजारच्या निळ्या खाचेत घातला. मालक म्हणाले, "एवढंच? मग आता याचं बिल कसलं लावणार?" मी म्हटलं, चहा मागवा.