सीसीएनपीचा अभ्यास करताय? आधी ओएसपीएफ मोडून बघा

सीसीएनपी एंटरप्राइझ या सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटला दोन पेपर, कोअरचा एन्कोर ३५०-४०१ आणि एक आपल्या आवडीचा, राउटिंगची गोडी असेल तर एनार्सी ३००-४१० घ्या. पण नुसते व्हिडिओ बघून डोक्यात काही राहत नाही हो, ईव्हीई-एनजी किंवा जीएनएस३ या कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर लॅब लावाच. दोन राउटर जोडा, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) चालू करा, मग मुद्दाम एकाच बाजूचा आयपी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० चा १४०० करा आणि ओएसपीएफची प्रोसेस क्लिअर मारा, म्हणजे ती नव्याने सुरू होईल, 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' या कमांडमध्ये शेजारच्या राउटरची स्थिती बघा, गाडी एक्सस्टार्ट-एक्सचेंजलाच (माहितीच्या देवाणघेवाणीच्या टप्प्यावर) अडकते, फुलपर्यंत, म्हणजे पूर्ण जुळणीपर्यंत, जातच नाही. एमटीयू परत नीट करून आता एकीकडचा हॅलो टायमर (किती सेकंदांनी 'मी आहे' असं शेजाऱ्याला कळवायचं) १० चा ५ करा, इथे डेड टायमर (शेजाऱ्याच्या हॅलोची वाट बघायची मुदत) संपला की नेबर लिस्टमधूनच गायब. हा फरक स्वतः बघितलात ना, की ट्रबलशूटिंगचा प्रश्न आला तरी हात थरथरत नाही. रोज एक प्रोटोकॉल असाच मोडा, कारण वहीत लिहा.