‘द्राख्मे’ ते ‘दमडी’ : शब्दाचा माग कसा काढावा

दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचं नातं जुळवू नये. ध्वनी, अर्थ आणि प्रवासाची वाट या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. आपला ‘दाम’ ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्याच्या नावावरून आला आहे, त्याच्यावरच हे करून पाहू.

आधी सर्वांत जुनं रूप गाठा. ग्रीक ‘द्राख्मे’चा संबंध ‘मुठीत धरणे’ या क्रियापदाशी लावतात. ‘ओबोलोस’ या नाण्याचं नाव सळईवरून पडलं. सहा सळया म्हणजे एक मूठ, म्हणून ६ ओबोलोसांचा १ द्राख्मे. अथेन्सच्या चांदीच्या द्राख्मेचं वजन सुमारे ४.३ ग्रॅम होतं.

खरी परीक्षा ध्वनींची. संस्कृतात द्रम्म, प्राकृतात दम्म, मराठीत दाम. एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच वाटेने आलेले सोबती शोधा: कर्म–कम्म–काम, घर्म–घम्म–घाम, चर्म–चम्म–चाम. जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो. पुढे प्रत्यय लागला की तो पुन्हा आखडू शकतो: चाम–चमडी, दाम–दमडी. ‘चमडी जाईल, पण दमडी जाणार नाही’ या म्हणीत हा नियम दोनदा दिसतो! असे दोन-तीन सोबती मिळाले नाहीत, तर व्युत्पत्तीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

अर्थ तपासताना मापं मांडून बघा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण आणि १६ पणांचा द्रम्म आहे, म्हणजे १,२८० कवड्या. कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांतही द्रम्म भेटतो. अकबराचा दाम मात्र तांब्याचा, रुपयाला ४०. धातू आणि किंमत बदलली म्हणून शब्द निराळा ठरत नाही. नाण्यांची नावं नाण्यांपेक्षा चिवट असतात.

मग वाट. वायव्येकडच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांच्या चांदीच्या नाण्यांबरोबर हा शब्द भारतात रुळला. दुसरी शाखा इराणी ‘द्रह्म’मधून अरबी ‘दिरहम’ झाली, तिसरी लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘ड्रॅम’ हे वजन. आर्मेनियाचं १९९३पासूनचं चलनही द्रामच. ‘दाम’ दिरहमवरून आला असं म्हणण्याचा मोह होतो. पण द्रम्म–दम्म ही मधली पायरी हातात असताना अरबी वळशाची गरज नाही. ती पायरी शोधायला टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडा, आणि मराठी अर्थच्छटांसाठी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश.

सर्वाधिक फसवणूक एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांनी होते. ‘दामोदर’मधला दाम म्हणजे दोरी, संस्कृत ‘दामन्’. त्याचा पैशाशी संबंध नाही. ‘साम, दाम, दंड, भेद’ तर आणखी चकवतं. संस्कृत नीतिग्रंथांतला मूळ उपाय ‘दान’ आहे. ‘साम’च्या शेजारी बसून दानाचा दाम झाला, आणि पैशाचा अर्थ जुळत असल्याने ते कुणाला खटकलंही नाही. म्हणून मराठी वाक्प्रचार जुन्या ग्रंथाचा पुरावा म्हणून वापरण्याआधी मूळ श्लोक उघडून पाहा.