लडाखला गाडी नेताय? हीटर आणि एसीच्या या चुका टाळा

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या गाड्या मनालीमार्गे लेहला जातात. निघण्याआधी टायर, ब्रेक, बॅटरी, स्टेपनी सगळं तपासून होतं. हीटरकडे मात्र कोणी बघत नाही, कारण आपल्याकडे त्याचं बटण वर्षानुवर्षं निळ्या टोकालाच असतं. त्यामुळे तो बिघडलाय हे कळतं सरचूच्या आसपास, ४,३०० मीटरच्या जवळपास, ऊन उतरल्यावर. आणि तिथे गॅरेज नसतं.

म्हणून पहिलं काम घरीच करा. निघण्याच्या निदान आठवडाभर आधी, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन तापू द्या, काचा खाली करा आणि हीटर पूर्ण लाल टोकाला नेऊन ब्लोअर लावा. झरोक्यासमोर हात फार वेळ धरवणार नाही इतकी गरम हवा यायला हवी. कोमट आली तर कारण शोधूनच निघा. आठवडा हातात असला की पार्ट मागवता येतो.

हीटर गार, म्हणून एसीचा गॅस भरणे

ही चूक सर्रास होते. गाडी गरम होत नाही म्हटलं की काही जण थेट एसीवाल्याकडे जातात आणि तोही गॅस भरून देतो. पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरचा त्या गॅसशी संबंध नाही. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. इंजिनातून तापून आलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा सोडतो. म्हणजे हीटरची तक्रार ही जवळजवळ नेहमी कूलंटची, नाहीतर हवा वळवणाऱ्या झडपेची तक्रार असते.

कुठली, ते ओळखायला यंत्र लागत नाही. बॉनेट उघडलं की इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात शिरणारे दोन रबरी पाईप दिसतात. इंजिन तापल्यावर पंखा आणि पट्टा सांभाळून, जाड फडकं घेऊन त्यांना हात लावा. दोन्ही चांगले गरम आणि तरीही आत गार हवा येते, तर गरम-गार हवेची झडप अडकली आहे किंवा तिची केबल, मोटर गेली आहे. एक गरम, दुसरा गार, तर कोअर तुंबलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे, नाहीतर थर्मोस्टॅटचा, म्हणजे कूलंटची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचा, घोटाळा आहे.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे पाईप नीट बघाच. कोअर गळायला लागला की आपल्याकडचे काही मेकॅनिक दोन्ही पाईप एकमेकांना जोडून कोअरच वगळतात. आपल्या हवेत ते चालून जातं, पण पुढच्या मालकाला कोणी सांगत नाही. रेडिएटरची गळती थांबवायला हळद किंवा गळतीची पावडर टाकणंही तसंच. भोक बुजतं, पण तोच गाळ कोअरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ‘इथे थंडी कुठे आहे, काढून टाका, टेन्शन नको’, असं सांगितलं जातं. मला हा सल्ला अतिशय चुकीचा वाटतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि तोपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला, किंवा उघडाच अडकला, की मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीच्या उतारावर इंजिन तापतच नाही. काटा खाली येतो, हीटर कोमट होतो, डिझेलही जास्त लागतं. चढावर गरम आणि उतारावर गार, अशी हीटरची तक्रार असेल तर आधी इथेच बघा. गाडी तापण्याचं खरं कारण वेगळं असतं: तुंबलेला रेडिएटर, गेलेला पंखा, खराब झाकण.

साधं पाणी, नाहीतर निव्वळ कूलंट

कूलंट उतरलं की बाटलीतलं पाणी ओतायचं, ही सवय मैदानात निभावते. उंचीवर ती दोन बाजूंनी नडते.

एक तर उकळणं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी असतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. लेहच्या पुढच्या खारदुंगला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, ते ८२-८३ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण १ बारचा जादा दाब धरून ठेवतं म्हणून आतलं कूलंट शांत राहतं. त्या झाकणाचं रबर चिरलेलं असेल आणि आत साधं पाणी असेल, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधीच पाणी उकळू शकतं. दोन-तीनशे रुपयांचं झाकण बदलायला कंजुषी करू नका. गाडी तापली असताना ते उघडूही नका, भाजण्याचा धोका तिथेही तेवढाच आहे. चढावर काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, काचा उघडा आणि जागा मिळाली की थांबा. हीटर कोअर अशा वेळी जादा रेडिएटरचं काम करतो.

दुसरं म्हणजे गोठणं. पाणी शून्याला गोठतं, फुगतं आणि रेडिएटर, कोअर, कधी इंजिनचा ब्लॉकही फोडतं. यावर काही जण उलट टोकाला जातात आणि पाणी न मिसळता घट्ट कूलंट भरतात. तेही चूकच. निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, पण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच. शिवाय ते उष्णताही कमी वाहून नेतं. तयार मिश्रणाचं कूलंट मिळत असेल तर तेच घ्या. घट्ट मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा. भरताना हीटर लाल टोकाला ठेवा आणि शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

काचेवर वाफ धरली की

चार माणसांचा श्वास, ओले बूट, ओली जॅकेटं आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, एवढ्यावर काच दोन मिनिटांत आंधळी होते. बाहेरची हवा घ्या, हीटर गरम ठेवा, झोत काचेकडे करा. एसीचं बटण दाबलं तर हवा कोरडी होते, पण कडाक्याच्या थंडीत एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर चालूच होत नाही. तो बिघाड नव्हे, गार हवेत गॅसचा दाब उतरलेला असतो म्हणून संरक्षणाचा स्विच त्याला रोखतो. बाहेरून बर्फ धरला असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

हीटर लावून गाडीत झोपणे

इथे मी विनवणी करतो. रस्ता बंद झाला, रांग अडकली, बर्फ पडतंय, तर इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. उंचीवर रक्तात आधीच ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे तो लवकर भोवतो, आणि डोकं दुखणं, मळमळणं ही लक्षणं उंची लागल्यासारखीच वाटतात. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या काहींच्या मृत्यूमागे हाच वायू असल्याचं मानलं जातं. अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचं बर्फ फावड्याने काढा, इंजिन दहा मिनिटं चालवा, मग बंद करा, एक काच बोटभर उघडी ठेवा आणि एकाने जागं राहा. ब्लँकेटं गाडीच्या टपावर बांधू नका, हाताशी ठेवा.

चढावर एसी सुटतो, त्याचा अर्थ

लेहच्या दुपारी ऊन चटका देतं आणि एसी लागतो. घाटात मात्र एक्सिलरेटर दाबला की तो सुटतो, म्हणजे तेवढ्यापुरता बंद होतो. विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के जोर गमावतं, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, मुद्दाम कॉम्प्रेसरचा भार काढतो. पाय हलका केला की एसी परत येतो. परत येतच नसेल, तर कंडेन्सरच्या, म्हणजे रेडिएटरसमोर बसवलेल्या एसीच्या जाळीत वाटेवरच्या मोरे मैदानाची धूळ बसली आहे का, आणि समोरचा पंखा फिरतो का, हे बघा. विरळ हवा तशीही उष्णता कमी ओढते. हवेचा झोतच मंदावला असेल तर केबिन फिल्टर झटका.

लेहमध्ये गेज बघून गॅस भरणे

थंड सकाळी उभ्या गाडीला एसीच्या गॅसचा दाब मोजणारा गेज लावला की काटा खाली दिसतो आणि ‘गॅस कमी आहे’ असा निकाल लागतो. पण बंद सिस्टिममधला दाब, आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत, गॅस किती आहे यावर नव्हे तर तापमानावर ठरतो. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए गॅस ५ अंशांना लेहमध्ये सुमारे ४० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवेल आणि पुण्यात ३८ अंशांना तोच गॅस १२५ च्या आसपास. तिथे भरलेला जादा गॅस इथे आल्यावर दाब वाढवतो, कॉम्प्रेसर सारखा सुटतो, सीलवर ताण येतो.

गेज स्वतःही उंचीवर वेगळं बोलतो, कारण तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो. लेहमध्ये बाहेरची हवा हलकी, म्हणून आतला दाब तेवढाच असून काटा ५ पीएसआय जास्त दाखवतो. व्हॅक्यूम काढताना, म्हणजे पंपाने सिस्टिममधली हवा ओढून घेतानाही तेच. मैदानात काटा पाऱ्याच्या ३० इंचांजवळ जातो, लेहमध्ये १९-२० वरच थांबतो. पंप खराब नाही, गळतीही नाही, त्या हवेत गेजवर याहून खोल आकडा येणारच नाही.

म्हणून उंचीवर गॅस भरायची वेळ आलीच तर एकच मार्ग खात्रीचा: गळती शोधून बंद करा, सिस्टिम रिकामी करून व्हॅक्यूम काढा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरा. वजनकाटा नसलेल्या गॅरेजमध्ये टॉप-अप करून घेण्यापेक्षा काचा उघड्या ठेवून या. घाईत भरून घेतलाच असेल, तर घरी पोचल्यावर तो पूर्ण काढून पुन्हा वजनाने भरायला सांगा.