आधारवर्ष बदललं की निर्देशांकाची मालिका कशी जोडायची

ऑगस्ट 2020 मध्ये औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक 338 होता, सप्टेंबरमध्ये 118.1. महागाई एका महिन्यात पासष्ट टक्क्यांनी उतरली असं कुणी म्हणणार नाही, पण दोन्ही आकडे एकाच रकान्यात टाकून आलेख काढणारे मात्र भेटतात. झालं एवढंच, की लेबर ब्युरोने (हा निर्देशांक काढणारं केंद्र सरकारचं कार्यालय) आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाची पातळी 100 धरतात ते वर्ष, 2001 वरून 2016 वर आणलं. सरकारी सांख्यिकीत काम करायचं असेल, नाहीतर नुसता आपला महागाई भत्ता तपासायचा असेल, तरी ही जोडणी यायलाच हवी.

आकडे लेबर ब्युरोच्या मासिक पत्रकातून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तक्त्यातून नाही. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं आधारवर्ष लिहून ठेवा. निर्देशांक कोणता, तेही लिहा: औद्योगिक कामगारांचा, शेतमजुरांचा की ग्रामीण-शहरी मिळून संयुक्त. भत्त्यासाठी फक्त पहिला चालतो.

आता जोडणी. निम्मे लोक इथेच घसरतात.

नव्या मालिकेसोबत एक लिंकिंग फॅक्टर, म्हणजे जुने-नवे आकडे जोडणारा गुणक, जाहीर होतो. 2016 च्या मालिकेचा अखिल भारतीय फॅक्टर 2.88 आहे. नवा आकडा जुन्या आधारावर न्यायचा तर 2.88 ने गुणायचं, जुना आकडा नव्या आधारावर आणायचा तर भागायचं. 338 भागिले 2.88 म्हणजे 117.4. तिथून 118.1, म्हणजे साधारण 0.6 टक्के वाढ. खरी गोष्ट एवढीच होती. दिशा उलटी झाली की उत्तर हास्यास्पद येतं, त्यामुळे ती चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका जास्त महागात पडतात.

पहिली म्हणजे फॅक्टर स्वतः काढण्याचा उत्साह. ‘एक्सेलमध्ये चार दशांशांपर्यंत काढा, जास्त अचूक येईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. भत्त्याचा हिशेब जाहीर झालेल्या 2.88 वर चालतो. तिसऱ्या दशांशातला पाचाचा फरकसुद्धा भत्त्याच्या टक्केवारीत पाव अंकाचा फरक पाडतो, आणि टक्केवारी काठावर असली तर पूर्ण एक टक्का इकडचा तिकडे होतो. अधिकृत फॅक्टरच नसेल तेव्हाच स्वतः काढा. तेही दोन्ही मालिका उपलब्ध असलेल्या पूर्ण बारा महिन्यांच्या सरासरींचं गुणोत्तर घेऊन. एकाच महिन्यावर जोडलं आणि त्या महिन्यात टोमॅटो-कांदा कडाडलेला असला, तर तो कांदा पुढच्या प्रत्येक आकड्यात कायमचा राहतो.

दुसरी चूक केंद्रांची. 2016 च्या मालिकेत 88 केंद्रं, म्हणजे किमती गोळा करण्याची ठिकाणं, आहेत आणि प्रत्येकाचा फॅक्टर वेगळा आहे. मुंबई किंवा पुण्याच्या निर्देशांकाला अखिल भारतीय 2.88 लावू नका.

तिसरी, जोडलेल्या मालिकेवर नको तेवढा विश्वास. नव्या मालिकेत खाद्यपदार्थांच्या गटाचं वजन, म्हणजे शंभरातला वाटा, 46.20 वरून 39.17 वर आलं. म्हणजे ज्या वस्तूंच्या किमती मोजतात ती टोपलीच बदलली. फॅक्टर पातळी जुळवतो, टोपली जुळवत नाही. अगदी मागे जायचं असेल तर फॅक्टर एकमेकांना गुणायचे: 1982 ते 2001 साठी 4.63, 1960 ते 1982 साठी 4.93. तिन्हींचा गुणाकार येतो 65.74. गणित बरोबर आहे, पण 1960 च्या कामगार घराची आणि आजच्या घराची तुलना त्यावरून करायची असेल तर जरा जपून.

जोडणी जमली की नाही ते तपासायला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या भत्त्याचं सूत्र उत्तम. बारा महिन्यांची सरासरी घ्या, 2.88 ने गुणा, 261.42 वजा करा, 261.42 ने भागा, शंभराने गुणा. हा 261.42 म्हणजे 2015 ची सरासरी, आणि ती 2001 च्या आधारावर आहे. म्हणून इथे उलट, जुन्या आधाराकडे जावं लागतं. जानेवारी ते डिसेंबर 2023 ची सरासरी 136.4 येते. गुणाकार 392.83, टक्केवारी 50.27. अपूर्णांक सोडून द्यायचा, पूर्णांकात गोळा करायचा नाही. 50.97 आलं असतं तरी 50 च. जानेवारी 2024 पासून केंद्र सरकारने 50 टक्केच दिला.

बारा महिन्यांऐवजी फक्त डिसेंबरचा 138.8 घेतला तर उत्तर 52.9 येतं. दर सहामाहीला फिरणारे ‘भत्ता इतका वाढणार’ छापाचे बरेचसे आकडे असेच जन्मतात. आणि 2.88 विसरलात तर भत्ता उणे 48 टक्के येईल. मधल्या पायरीवर आकडे गोळा करू नका, अपूर्णांक शेवटीच सोडा.

घाऊक किंमत निर्देशांकाची रीत तीच. 2004-05 वरून 2011-12 ला सर्व वस्तूंचा फॅक्टर 1.561.

जीडीपीला मात्र हे करू नका. जानेवारी 2015 मध्ये 2011-12 ची मालिका आली तेव्हा नुसतं आधारवर्ष बदललं नव्हतं. खासगी कंपन्यांची माहिती एमसीए-21 मधून (कंपन्यांचे हिशेब दाखल होतात ती सरकारी ऑनलाइन व्यवस्था) घेतली जाऊ लागली, मोजण्याची पद्धतही बदलली. एका गुणोत्तराने ओढून आणलेली जुनी मालिका दिसायला सरळ असते, पण तिचा वाढीचा दर जुन्या पद्धतीचाच राहतो. 2011-12 च्या आधीची वर्षं हवी असतील तर नोव्हेंबर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली अधिकृत मागील मालिका (बॅक सिरीज, म्हणजे नव्या पद्धतीने काढलेले जुन्या वर्षांचे आकडे) वापरा. शेती, उद्योग, सेवा वेगवेगळे जोडून बेरीज केलीत तर ती एकूण आकड्याशी जुळणार नाही. जुळवायला जाऊ नका. टिपेत तफावत लिहा आणि एकूण आकडा अधिकृतच ठेवा.