प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्यांपासून क्रोशाची थैली: या चुका टाळा

लोकरीच्या किंवा सुताच्या विणकामातील बऱ्याचशा उणिवा शेवटी झाकल्या जातात, कारण टाके थोडे कमीजास्त ओढले गेले तरी काम भिजवून, नीट ताणून वाळवले की ते एकसारखे बसते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणताना ही सोय मिळत नाही. पॉलिथिन पाणी शोषत नाही, इस्त्रीची उष्णता सोसत नाही आणि एकदा प्रमाणाबाहेर ताणले गेले की पूर्वीच्या आकाराला येत नाही. त्यामुळे वीण जशी पडते तशीच ती राहते. तयार थैलीत दिसणारे बहुतेक दोष सुई हातात घेण्याआधीच, म्हणजे पिशव्या निवडताना आणि कापताना, निर्माण झालेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक म्हणजे मिळतील त्या सर्व पिशव्या एकाच ढिगात टाकणे. हाताळताना चुरचुर आवाज करणाऱ्या पातळ पिशव्या बहुधा उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या असतात, तर कापडाच्या किंवा पुस्तकांच्या दुकानांतून मिळणाऱ्या जाड, मऊ पिशव्या अनेकदा कमी घनतेच्या पॉलिथिनच्या असतात. या दोन्ही प्रकारांच्या पट्ट्या एकाच ओळीत आल्या, तर जाड पट्टीचे टाके फुगतात, पातळ पट्टीचे टाके आवळले जातात आणि थैलीची कड वेडीवाकडी दिसू लागते. जाड पिशव्या तळासाठी व बंदांसाठी वेगळ्या काढाव्यात आणि पातळ पिशव्यांनी मधला भाग विणावा. ज्या पिशव्यांवर त्या कुजणाऱ्या किंवा विघटनशील असल्याचे छापलेले असते, त्या मात्र कितीही मऊ आणि देखण्या असल्या तरी बाजूला ठेवाव्यात, कारण तुटून जाणे हाच त्यांचा गुण असतो आणि काही काळाने थैली आपोआप विरू लागते. उन्हात पडून राहिलेल्या पिशव्याही टाळाव्यात. एक पट्टी कापून दोन्ही हातांनी ओढून पाहावी. ती न ताणता लगेच तुटली किंवा तिचे कण हाताला लागले, तर ती पिशवी विणण्यायोग्य नाही. पिशव्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात, कारण घडीत राहिलेला ओलावा गुंड्यात अडकतो आणि त्याचा कुबट वास थैलीला कायमचा लागतो. रंगसंगती साधावी म्हणून नव्या पिशव्या मागून आणणे मात्र मला मुळीच पटत नाही, कारण त्यामुळे या कामाचा हेतूच हरवतो.

कापण्याच्या टप्प्यावर अधिक वेळ द्यावा. पिशवी सपाट पसरून तिच्या दोन्ही बाजूंच्या आत वळलेल्या घड्या नीट जुळवाव्यात, आतली हवा काढून टाकावी, धरायचे भाग आणि तळाची शिवण कापून वेगळी करावी, मग लांबीच्या दिशेने तीनचार घड्या घालून आडवे काप द्यावेत. त्यातून बंद कड्या मिळतात. काप तिरका गेला तर कडी उलगडल्यावर ती एका ठिकाणी रुंद व दुसऱ्या ठिकाणी अरुंद निघते. विणताना सगळा जोर त्या अरुंद जागी येतो. तेथे प्लॅस्टिक आधी पांढरट पडते, मग बारीक होत जाते आणि अखेर तुटते. विणता विणता पट्टी वारंवार तुटत असेल, तर हाताला दोष देण्याआधी तिची रुंदी मोजून पाहावी. पातळ पिशव्यांसाठी सुमारे ३ ते ४ सेंटीमीटर आणि जाड पिशव्यांसाठी २ ते २.५ सेंटीमीटर रुंदी धरून सुरुवात करावी.

कड्या जोडण्याची रीत सोपी आहे: एका कडीतून दुसरी कडी घालायची, तिचे एक टोक तिच्याच दुसऱ्या टोकातून ओवायचे आणि हळूहळू ओढायचे. येथे घाई केली तर दोन चुका संभवतात. गाठ जोरात आवळली तर प्लॅस्टिक चिरते, आणि सैल सोडली तर तो गोळा सुईच्या आकड्यात अडकून प्रत्येक टाक्याला त्रास देतो. गाठ सपाट व आटोपशीर दिसू लागली की थांबावे. कडी जोडलेली असल्यामुळे पट्टी दुहेरी होते. एकेरी पट्टी हवी असल्यास पिशवी गोलाकार, सलग कापत जावी, म्हणजे गाठीही कमी होतात, पण तेव्हा रुंदी जवळपास दुप्पट ठेवावी लागते.

लोकरीसाठी वापरतो ती बारीक सुई येथे चालत नाही. ८ मिलिमीटरच्या गुळगुळीत सुईने सुरुवात करून गरजेनुसार एकदोन आकार वरखाली करावेत. टाका सुईवर करकरत घासत असेल, तर वीण फार घट्ट आहे. अशा विणीने थैली ताठ होते आणि मनगट दुखू लागते. उलट उंच खांबांची, म्हणजे लांब टाक्यांची, वीण लवकर वाढते म्हणून अनेक जण ती निवडतात, परंतु तिच्या फटींतून लहान वस्तू गळतात आणि भरलेली थैली खाली लोंबते. सामान वाहायचे असेल, तर सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाक्यांची दाट वीणच योग्य आहे.

पट्ट्या अर्ध्यावर संपणे ही अगदी टाळता येण्याजोगी अडचण आहे. १० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा नमुना विणून त्याचे वजन करावे. समजा तो १० ग्रॅम भरला आणि थैली ३५ सेंटीमीटर रुंद व तितकीच उंच हवी आहे, तर दोन्ही बाजू मिळून साडेचोवीस चौकोन, म्हणजे २४५ ग्रॅम पट्ट्या लागतील. कापून टाकायचे भाग वगळता एका पिशवीतून ४ ग्रॅम पट्टी मिळत असेल, तर साधारण ६२ पिशव्या हव्यात. बंदांचे प्लॅस्टिक त्याशिवाय वेगळे.

गोल तळ सिंगल क्रोशेत ६ टाक्यांनी सुरू करून प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवावेत: ६, १२, १८, २४. तळाची कड लाटांसारखी उठली तर टाके जास्त वाढले आहेत, आणि वाटीसारखा आकार आला तर कमी पडले आहेत. दोन्ही वेळा मोजणी जेथे चुकली तेथपर्यंत उसवावे. पुढच्या फेऱ्यांत दोष आपोआप निघून जाईल ही आशा प्लॅस्टिकच्या बाबतीत फोल ठरते. उसवलेली पट्टी पुन्हा वापरण्याआधी पांढरट पडलेले तुकडे काढून टाकावेत.

थैली सर्वांत आधी निकामी होते ती बंदांपाशी. सतत भार राहिला की पॉलिथिन हळूहळू लांबत जाते, आणि सुरुवातीला खांद्यावर बेताने बसणारा बंद काही दिवसांतच कमरेखाली उतरतो. आडव्या लहान लहान ओळींनी विणलेला बंद अधिक ताणतो. त्याऐवजी बंदाच्या पूर्ण लांबीची साखळी घालून तिच्यावर लांबीच्या दिशेनेच चारपाच ओळी विणाव्यात. बंद हव्या त्या लांबीपेक्षा थोडा आखूड ठेवावा आणि आत सुती दोरी घालावी, म्हणजे ओढ मुख्यतः दोरी सोसते. मात्र ती दोरी थैलीच्या अंगाशीही पक्की शिवलेली हवी. बंद थैलीच्या काठावरच जोडणे ही नेहमीची चूक असून, त्याची टोके काठाखाली ५ ते ६ सेंटीमीटरपर्यंत नेऊन अनेक ओळींतून शिवली, तर भार एकाच टाक्यावर येत नाही. या भागात पट्ट्यांची गाठ येऊ देऊ नये. टोके कायमची लपवण्याआधी थैलीत पुस्तके भरून ती रात्रभर टांगून ठेवावी आणि बंद किती उतरला ते मोजावे.

प्लॅस्टिक निसरडे असल्यामुळे टोके सहज बाहेर येतात. निदान १५ सेंटीमीटर टोक राखून ते एका दिशेने काही टाक्यांतून न्यावे आणि मग उलट फिरवून परत आणावे. गोंदाचा येथे उपयोग होत नाही, कारण पॉलिथिनला साधे गोंद धरत नाहीत. आणि टोके आगीवर वितळवून चिकटवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण वितळते प्लॅस्टिक त्वचेला चिकटून भाजते आणि त्याचा धूरही अपायकारक असतो.

थैली गार पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावी. पिशव्यांवरची छपाईची शाई खाद्यपदार्थांसाठी नसते, म्हणून कापलेली फळे किंवा उघडे पदार्थ तिच्यात थेट ठेवू नयेत. एखादा टाका तुटला तर त्याच दिवशी उसवलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवावी, मग तेथे नवी पट्टी जोडून तुटलेली ओळ पुन्हा विणावी. कापून उरलेले धरायचे भाग व शिवणी मात्र स्वच्छ करून पातळ प्लॅस्टिक स्वीकारणाऱ्या पुनर्वापर केंद्राकडेच द्याव्यात.