कसाव्याच्या साठवलेल्या काड्यांतली बुरशी कशी ओळखावी

गोव्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या मिश्र बागेच्या) कडेला कसावा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) लावणारे बहुतेक जण कंद काढल्यावर काड्या पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवतात. मात्र बुरशी कापणीबरोबर मरत नाही. खोडाच्या साल-गाभ्यात ती जिवंत राहते आणि पुढच्या लागवडीबरोबर नव्या मातीत जाते. म्हणून निवड उभ्या पिकातच करावी: करपा या बुरशीजन्य रोगाचे खोलगट, तपकिरी व्रण असलेले झाड बेण्यासाठी (लागवडीच्या काड्यांसाठी) मुळीच घेऊ नये.

काड्यांचे तुकडे करून ठेवू नयेत, कारण प्रत्येक ताजा काप हा खोडकुजीच्या बुरशीला उघडे दार असतो. लांब काड्याच फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत, वारा खेळेल अशा उभ्या ठेवाव्यात. प्लास्टिकने गुंडाळल्यास किनारपट्टीच्या दमट हवेत आत पाणी सुटते आणि कुज झपाट्याने पसरते. साठवण जितकी लांबते तितका धोका वाढतो.

लावण्याआधी धारदार कोयत्याने टोक कापून पाहावे. पांढरा चीक लगेच ओघळला तर काडी जिवंत आहे. गाभ्यात तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या, किंवा सालीवर मोहरीहूनही बारीक काळे, खरखरीत ठिपके बोटाला लागले, तर ती पूर्ण काडी जाळावी. निरोगी भाग वाचवण्याचा मोह मला चुकीचा वाटतो, कारण बुरशी दिसते त्याच्या बरीच पुढे गेलेली असते. अशा काडीनंतर कोयता जंतुनाशकाने पुसूनच निरोगी काड्यांचे 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे करावेत.