एआर चष्मा लाइनवर आणताय? या चुका टाळा

एआर चष्म्याचा, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर बाण आणि सूचना दाखवणाऱ्या चष्म्याचा, मीटिंग रूममधला डेमो सहसा छानच होतो. टेबलावर एक गिअरबॉक्स, डोक्यावर एसी, शेजारी वेंडरचा माणूस, आणि चष्म्यातून पाहिलं की बरोबर बोल्टच्या डोक्यावर हिरवा बाण. सगळे खूश होतात, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघते. मग तोच चष्मा चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या शेडमध्ये पत्र्याखाली येतो आणि थोड्याच दिवसांत टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीतल्या) कपाटात जाऊन बसतो. पैसे वाया जातात ते जातातच, पण ज्या ऑपरेटरला खरंच मदत हवी होती त्याच्या हाती काहीच लागत नाही. याचं मला जास्त वाईट वाटतं. ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर), प्रोजेक्टरने जॉबवर (बनत असलेल्या वस्तूवर) टाकलेल्या सूचना, पिक-टू-लाइट (कुठल्या डब्यातून पार्ट घ्यायचा ते दिव्याने दाखवणं) ही सगळी साधनं उपयोगाची आहेत. फक्त माणूस नक्की कुठे अडतो हे आधी शोधावं लागतं, आणि तिथेच बहुतेक प्रकल्प घसरतात.

चुकीचं काम निवडणं

सगळ्यात महागडी चूक हीच. ज्या स्टेशनवर ४० सेकंदांची सायकल (एका पार्टच्या कामाची फेरी) आहे आणि तोच पार्ट दिवसभर येतो, तिथे चष्म्याचं काही काम नाही. दोन-तीन दिवसांत ऑपरेटरच्या हाताला सवय होते आणि त्यानंतर डोळ्यासमोरचे बाण नुसते आड येतात.

ही कल्पना मुळात कुठून आली ते पाहा. १९९२ साली बोइंगमधल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी ज्या निबंधात ती मांडली, त्यात प्रश्न होता विमानाच्या वायर हार्नेसचा (वायरींच्या जुड्यांचा). मोठ्या बोर्डांवर शेकडो वायरी ओढायच्या, आणि कुठली वायर कुठून न्यायची हे सतत कागदात बघायचं. अमेरिकेत मिनेसोटातल्या जॅक्सन इथल्या एजीसीओच्या ट्रॅक्टर कारखान्याने गूगल ग्लास हा डोळ्यासमोर माहिती दाखवणारा चष्मा वापरला तोही अशाच कारणाने. तिथली यंत्रं ऑर्डरप्रमाणे वेगवेगळी बनतात, आणि हात गुंतलेले असताना टॅब्लेट सांभाळणं लोकांना जड जात होतं. म्हणजे व्हेरिएंट जास्त, संख्या कमी, पायऱ्या लांबलचक, हात अडकलेले आणि नजर पुन्हा पुन्हा कामावरून हटतेय, अशा ठिकाणी एआर शोभतं. मेंटेनन्स, डाय चेंजओव्हर (साचा बदलणं), नवीन मशिनचं कमिशनिंग (बसवून चालू करणं) यांसारखी क्वचित होणारी कामंही यात बसतात.

निवड करण्याआधी तीन महिन्यांचं रिजेक्शन आणि रिवर्कचं (पुन्हा दुरुस्त कराव्या लागलेल्या कामाचं) रजिस्टर घेऊन बसा. प्रत्येक चुकीपुढे तिचा प्रकार लिहा: पार्ट विसरला, चुकीचा पार्ट बसवला, उलटा बसवला, टॉर्क (आवळण्याचा जोर) कमी पडला, क्रम चुकला. पार्ट विसरत असतील तर बिनवर दिवा लावणारं पिक-टू-लाइट पुरतं. टॉर्कचा प्रश्न असेल तर कंट्रोलरला जोडलेला नटरनर (बोल्ट आवळायचं यंत्र) घ्या, तो बोल्ट मोजतो आणि ओके आल्याशिवाय पुढचं क्लॅम्प सुटू देत नाही. चुकीच्या पार्टला बारकोड स्कॅनर. इतकं करून जे उरेल त्यासाठी चष्म्याचा विचार करा.

आणि कधी कधी यातलंही काही लागत नाही. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांचं १९६१ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या होत्या आणि कामगार मधूनच एखादी विसरत. शिंगोंनी एवढंच सुचवलं की आधी दोन स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवा आणि मग बसवा. जोडणी संपल्यावर ताटलीत स्प्रिंग दिसली, की विसरल्याचं तिथल्या तिथे कळतं. ज्या लाइनवर अशी ताटली पुरते, तिथे लाखांचा हेडसेट मागू नका.

बाण हलतो, तरी त्यावरच विसंबणं

हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉकचं (तेलाच्या नळ्या जिथे जोडतात त्या ठोकळ्याचं) उदाहरण घ्या. ॲल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा, त्याला पी, टी, ए, बी अशी पोर्टं (नळ्या जोडायची भोकं). ए आणि बी शेजारी शेजारी, आटेही सारखेच. सूचना येते, ‘या पोर्टमध्ये फिटिंग बसवा’, आणि बाण दोन्हींच्या बरोबर मध्ये तरंगत राहतो. मान थोडी वळवली की ए कडे झुकतो, सरळ केली की बी कडे. अशा वेळी ऑपरेटर विचारतो, “साहेब, यातलं कुठलं धरायचं?” त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. डोक्यावरच्या उपकरणातलं चित्र खऱ्या वस्तूपासून काही मिलिमीटर, प्रसंगी सेंटिमीटरभरही सरकू शकतं. त्यामुळे जवळजवळच्या दोन भोकांमधला फरक नुसत्या बाणाने दाखवणं धोक्याचं आहे. सूचनाच अशी लिहा: ‘बी कोरलेल्या पोर्टमध्ये फिटिंग. बी अक्षर बोटाने दाखवा, मग बसवा.’ सोबत त्या बाजूचा फोटो. बाणाने दिशा दाखवावी. खात्री मात्र ठोकळ्यावर कोरलेल्या अक्षराने किंवा नटरनरच्या सिग्नलने व्हावी.

बाण फारच भटकत असेल तर या क्रमाने तपासा. आधी डोळ्यांचं कॅलिब्रेशन: शिफ्ट बदलली, माणूस बदलला, तरी चष्मा आधीच्याच माणसाच्या डोळ्यांना जुळवलेला राहतो. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सुधारायला मिनिटभरही लागत नाही. मग प्रकाश: होलोलेन्स या आपल्या एआर चष्म्यासाठी मायक्रोसॉफ्ट साधारण ५०० ते १००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), सगळीकडे सारखा पडणारा उजेड सुचवतं. आपल्या शेडमध्ये स्टेशनवर दिवा असतो आणि दोन पावलांवर अंधार, शिवाय दुपारी पत्र्याच्या पारदर्शक पट्ट्यांतून थेट ऊन. लक्स मीटर सेफ्टी विभागाकडे असतोच, तो घेऊन सकाळी, दुपारी आणि रात्रपाळीत मोजा. तिसरं म्हणजे आजूबाजूचं दृश्य. कॅमेरा कडा, कोपरे, खुणा पाहून आपली जागा ओळखतो. कोरी भिंत, पॉलिश केलेला पृष्ठभाग, मागून सतत जाणारी फोर्कलिफ्ट आणि एकाशेजारी एक हुबेहूब सारखी स्टेशनं यांनी तो गोंधळतो. प्रत्येक स्टेशनला वेगळा मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणारी खूण) द्या. तो सुट्या पार्टवर चिकटवू नका, जॉब ज्या फिक्स्चरमध्ये पक्का बसतो त्या फिक्स्चरवर लावा, कूलंट उडणार नाही अशा बाजूला. मार्कर पुसण्याचं काम रोजच्या ५ एसच्या (स्वच्छता आणि नीटनेटकेपणाच्या) यादीत घाला.

प्रोजेक्टरवाल्या स्टेशनची दुखणी थोडी वेगळी. डोक्यावर काही घालावं लागत नाही म्हणून लोक ते लवकर स्वीकारतात. पण हाताची सावली नेमकी कामाच्या जागी पडते आणि मशिनिंग केलेल्या धातूवर प्रकाश परावर्तित होऊन अक्षरं दिसत नाहीत. सूचना जॉबशेजारच्या मॅट रंगाच्या पट्टीवर पाडा आणि जॉबवर फक्त जागा उजळवा.

आठ तासांची पाळी, दोन-तीन तासांची बॅटरी

होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम आणि बॅटरी सलग वापरात दोन ते तीन तास. त्यावर हेल्मेट, काहींना नंबरचा चष्मा, आणि मे महिन्यातली दुपार. घामाने पट्टी ओली होते, काच धुकट होते, मान आखडते. खाली वाकून काम करणाऱ्याला हे जास्त जाणवतं. म्हणून पूर्ण पाळीभर घालायचं काम ठरवूच नका. वीस मिनिटांचा सेटअप, अर्ध्या तासाचं ट्रबलशूटिंग, नव्या मुलाचं ट्रेनिंग एवढ्यापुरतं ठेवा. एकच हेडसेट तीन जण वापरणार असतील तर कपाळाच्या पट्ट्या प्रत्येकाच्या वेगळ्या द्या. दुसऱ्याच्या घामाची पट्टी कपाळाला लावायला कोणी नकार दिला, तर त्याला ‘बदलाला विरोध’ म्हणणं अन्यायाचं आहे.

याच्याशीच जोडलेली आणखी एक चूक म्हणजे सगळी मेहनत एकाच उपकरणात कोंडणं. गूगलने ग्लासच्या एंटरप्राइज आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. सुरक्षेचे अपडेट २०२७ च्या अखेरपर्यंतच मिळणार आहेत. मशिन वीस वर्षं चालवणाऱ्या कारखान्यासाठी ही मुदत फारच तोकडी आहे. पायऱ्या, फोटो, व्हिडिओ, थ्रीडी मॉडेल हे सगळं उद्या टॅब्लेटवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या चष्म्यावर नेता येईल का, हे पीओ निघण्याआधी लेखी घ्या. वेंडर टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

ऑफिसमध्ये बसून सूचना लिहिणं

जुनी एसओपीची (कामाच्या ठरलेल्या पद्धतीची) पीडीएफ तशीच्या तशी चष्म्यात टाकली जाते. चार ओळींचं इंग्रजी वाक्य, ‘थ्रेड एंगेजमेंट योग्य असल्याची खात्री करावी’ यासारखं त्याचं मराठी, आणि शेवटी ‘ओके’चं बटण. खात्री कशी करायची ते कुणीच सांगत नाही. हीच पायरी त्या स्टेशनवर दहा वर्षं काम केलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, “बोल्ट आधी हाताने दोन आटे फिरवा, सरळ गेला तरच नटरनर लावा.” आटे मरण्याचं निम्मं रिवर्क या वाक्याने वाचू शकतं. एका पायरीत एकच कृती, आणि ती झाली हे कशावरून ओळखायचं तेही तिथेच. कंत्राटी कामगारांत मराठवाड्यातली मुलं असतात तशी बिहार-ओडिशाचीही असतात. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातही काम करणाऱ्याला समजेल अशा भाषेत सूचना हवी असं स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे ऑडिटसाठीही हे लागणारच.

आवाजी आदेशांबाबतही हेच. रिअलवेअरसारखी डोक्यावर घालायची उपकरणं बोलून चालवायची असतात, पण प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घातलेला माणूस नकळत हळू बोलतो. चाचणी घ्यायची तर लाइन चालू असताना, खऱ्या ऑपरेटरच्या आवाजात घ्या. नाही जमलं तर पायाचं पेडल लावा, ते बहुतेक वेळा जास्त भरवशाचं ठरतं.

ईसीएन निघते, चष्मा मात्र जुनाच

ईसीएन, म्हणजे डिझाइनमधल्या बदलाची सूचना, निघाली की ड्रॉइंगची रिव्हिजन बदलते, बोल्ट ८ चा १० होतो, स्टेशनवरचा कागद बदलला जातो आणि चष्म्यात जुनाच बोल्ट दिसत राहतो. असं एकदा झालं तरी पुरे, त्यानंतर ऑपरेटर त्या सूचनेवर विश्वास ठेवत नाही. ईसीएनच्या सहीच्या तक्त्यात ‘एआर मजकूर बदलला’ असा रकाना घाला आणि त्यापुढे विभागाचं नव्हे, माणसाचं नाव लिहा. तो मजकूर बदलायला दर वेळी वेंडरला बोलवावं लागत असेल तर तो वेळेवर बदलणार नाही, हे गृहीत धरा. आपल्या प्रोसेस इंजिनिअरला तो स्वतः बदलता आला पाहिजे.

कॅमेऱ्याबद्दल न बोलणं

चष्म्याला कॅमेरा असतो आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागला याची नोंद होते. हे युनियनला आणि ऑपरेटरना पहिल्या दिवशीच सांगा: काय साठवलं जातं, कोण बघतं, किती दिवस राहतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही याचं लेखी धोरण हवं. चष्मा कॅन्टीन आणि स्वच्छतागृहाकडे नेऊ नये, हा नियम फलकावर लावा. आणि या वेळांवरून कुणाची झाडाझडती घेऊ नका. एकदा तशी घेतली की लोक काम होण्याआधीच ‘पुढे’ दाबायला लागतात आणि तुमच्याकडे उरते खोटी नोंद.

मोजमाप चुकीचं, तेही फार लवकर

पहिल्या आठवड्यात सायकल टाइम वाढतोच, कारण वाचायला वेळ लागतो. तेवढ्यावर निकाल देऊ नका. नवा माणूस किती दिवसांत एकट्याने स्टेशन सांभाळतो, पहिल्याच फेरीत ओके जाणारे जॉब किती, ब्रेकडाउनमध्ये तज्ज्ञाची वाट बघण्यात किती वेळ गेला हे मोजा. आणि चष्मा येण्याआधीचे आकडे हाताशी ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

शिकणाऱ्याची चाचणी चष्मा काढूनही घ्या. सूचना टप्प्याटप्प्याने कमी करत न्या, म्हणजे क्रम डोक्यात बसतो. वाय-फाय गेलं तरी चालावा म्हणून मजकूर उपकरणातच साठवलेला असू द्या, आणि स्टेशनवर त्याच रिव्हिजनचा लॅमिनेट केलेला कागद टांगलेला ठेवा. रात्रपाळीत सर्व्हर बंद पडला, तर सुपरवायझरला कुणाला फोन न करता लाइन चालू ठेवता येते का, हे एकदा मुद्दाम सर्व्हर बंद करून बघा.